‘इतर’ टाकणार नाही

दोड्डप्पांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं, की दुकानाच्या कंप्युटरवरच्या मेन्यूत सगळ्यात खाली एक ‘इतर’ टाक. तीन अक्षरांचं काम. चहा निवायच्या आत झालं असतं. मी नाही म्हटलं. त्यावरून घरात जे रामायण झालं ते सांगते, कारण आमच्याकडे अजूनही काही जणांना वाटतं की मी एका मेन्यूपायी अख्खं घर वेठीला धरलं. धरलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा धरीन.

दोड्डप्पा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. मराठीत मोठे काका म्हणायला हवं, पण आमचं मराठी असंच, अर्ध्या वाटेवर कन्नड होतं. किती पिढ्यांपूर्वी कोण जाणे, आमच्यातला कुणी शिंपी म्हैसूरला आला आणि राहिला. तेव्हापासून घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि राग आला की दोन्ही. आता लिहिते आहे ते मराठी मी ऑफिसातल्या पुण्याच्या मैत्रिणींकडून पुस्तकं मागून मागून मिळवलं. माझ्या घरच्या बोलण्याला त्या हसायच्या. हसू देत. पुस्तकं मात्र परत मागायच्या नाहीत, तेवढं बरं होतं.

मार्केटच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. शर्ट-पँट, शाळेचे गणवेश सगळं शिवतो, पण खरा धंदा ब्लाउजचा. लग्नाचे दिवस आले की वरुणा, कृष्णराजनगर इथून बायका बसने येतात, रेशमी साड्यांच्या पिशव्या मांडीवर घट्ट धरून. रेशमी साडीला ब्लाउजचा तुकडा एकच येतो, साडीच्या टोकाला. तो वाकडा कापला गेला तर तसला दुसरा मिळत नाही. म्हणून आमच्यात शिवण्यापेक्षा कापण्याला मान. जो कापतो तो मास्तर. बाकीचे नुसते शिवणारे.

दुकानाचे मास्तर दोड्डप्पा. पाटीवर तेच, गिऱ्हाइकांच्या तोंडीही तेच. गळ्यात टेप आणि पाठीमागे भिंतीवर खिळ्याला मोठी कात्री. आणि ब्लाउज कापते माझी आई.

दोड्डप्पांचं मनगट दुखायला लागलं तेव्हा तात्पुरतं म्हणून हे काम आईकडे आलं. तात्पुरतं म्हणता म्हणता माझं कॉलेज संपलं, मी नोकरीला लागले, आणि ते तात्पुरतंच राहिलं. आम्ही एकाच घरात, दोड्डप्पा खाली आणि आम्ही वर. सकाळी दोड्डम्मा, म्हणजे माझी मोठी काकू, पिवळ्या पिशवीत गठ्ठा घेऊन जिना चढते आणि म्हणते, “हेमिंगला आलंय.” हेमिंग म्हणजे कडा दुमडून टाके घालणं. बायकांचं काम, ज्याला कुणी काम म्हणत नाही. दुपारी आई जेवणाचं टेबल पुसते, जुनी चादर पसरते, खडूने रेघा ओढते आणि कापते. त्या वेळी तिला हाक मारलेली चालत नाही. दिवसातला तेवढाच वेळ तिचा असतो, हे ती स्वतः म्हणते. संध्याकाळी गठ्ठा खाली जातो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी बाई आरशात वळून वळून बघत म्हणते, मास्तरांचा मुंढा, बाही जोडतात तो घेर, कसा बसतो बघा. मास्तर मान डोलावतात.

यात आणखी एक गोम आहे. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीचं नाव घेत नाही आणि ती त्याच्याशी सरळ बोलत नाही. दोघं एका खोलीत असली तरी “तुझ्या आईला सांग” आणि “भाऊजींना म्हणावं” असं चालतं. मध्ये मी. बोलायला लागले तेव्हापासून मी या घरात निरोप पोचवते आहे. दोघांनाही ऐकू येत असतं, तरी मी परत म्हणून दाखवायचं. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर कंटाळा आला, आणि मग राग.

दुकानात कंप्युटर आला तेव्हा मी शनिवार-रविवार बसून त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. नोकरीतही हेच करते, पण तिथे कुणासाठी करते ते दिसत नाही. एक खिडकी, तिच्यात वरून खाली काही मेन्यू. पहिला मेन्यू कपड्याचा. ‘ब्लाउज’ निवडलं की खाली गळा, बाही, अस्तर यांच्या चौकटी उघडतात. ‘चुडीदार’ निवडलं की त्या जाऊन दुसऱ्या येतात. लोकांना वाटतं मेन्यू म्हणजे नावांची उतरंड. नावं कुणीही लिहील. मेन्यूतून काही निवडलं की प्रोग्रॅमला निरोप जातो, अमुक निवडलं म्हणून. त्या निरोपाला काय उत्तर द्यायचं ते लिहिणारीने आधी ठरवून ठेवायचं असतं. मला ते काम फार आवडतं. निरोप पोचवण्यात जन्म गेला, उत्तर ठरवायचा हक्क पहिल्यांदा तिथे मिळाला.

पहिल्याच आठवड्यात एक घोटाळा झाला. दोड्डप्पांनी ‘ब्लाउज’ निवडलं आणि खिडकी खाली सरकवायला म्हणून माउसचं चाक फिरवलं. खिडकी जागची हलली नाही. मेन्यूतलं ब्लाउज मात्र बदलून परकर झालं, आणि प्रोग्रॅमने इमानेइतबारे गळा-बाही मिटवून परकराची चौकट उघडली. असल्या मेन्यूंना ही खोड असते, त्यांच्यावर माउस असताना चाक फिरलं तर ते निवडणंच समजतात. दोड्डप्पांनी गल्ली डोक्यावर घेतली. मी समजावलं, तुम्ही काही केलं नाही, नुसतं चाक फिरलं. हे शब्द त्यांना इतके आवडले की पुढे ते कशालाही म्हणायला लागले. पावतीवर चुकीची तारीख गेली तरी चाक फिरलं, फोन लागला नाही तरी चाक फिरलं.

मी त्याच संध्याकाळी ते बंद करून टाकलं. मेन्यूवर कुणी कितीही चाक फिरवो, काही करू नकोस, असं प्रोग्रॅमला बजावलं. आता काही बदलायचं तर मेन्यू उघडायचा, हवं त्या नावावर जायचं आणि दाबायचं. दोड्डप्पांना हे सांगायला मात्र गेले नाही. प्रोग्रॅम नीट चालत असला की ते मला काही विचारत नाहीत, आणि विचारल्याशिवाय सांगायची माझीही सवय मोडली आहे.

मग आली आयुधपूजा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्खं म्हैसूर आपापली हत्यारं पुजतं, रिक्षांना आणि बसना केळीचे खुंट लागतात. दुकानात शिलाईच्या मशिनी पुसल्या, मोठ्या कात्रीला हळद-कुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. टेपला कुंकू, इस्त्रीला कुंकू, आणि सगळ्यांनी कौतुकाने कंप्युटरलाही कुंकू लावलं, माउसच्या पाठीवरसुद्धा. मी घरी आले. आईची कात्री स्वयंपाकघरातल्या खणात होती, झाऱ्याच्या शेजारी. तिने स्वतःच तिला बोटभर कुंकू लावलं होतं आणि खण लावून टाकला होता.

काल आलेल्या माउसची पूजा आणि हिच्या कात्रीला खण. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईला म्हटलं तर ती म्हणाली, “जाऊ दे की. सणाचं तोंड खराब करू नको.” मी तोंड खराब केलं नाही, नुसतं ध्यानात ठेवलं.

पुढच्या वर्षी सीझनच्या आधी दोड्डप्पा स्वतःच म्हणाले, की तारखांचा गोंधळ होतो, कुणाच्या हातात किती काम आहे ते प्रोग्रॅमनेच बघून कपडा कधी मिळेल ते सांगावं. मी आनंदाने लिहिलं. एक नवा मेन्यू, ‘मास्तर’. त्यातून कापणाऱ्याचं नाव निवडलं की प्रोग्रॅम त्या माणसाच्या हातातलं काम मोजणार आणि पुढची मोकळी तारीख दाखवणार. मेन्यूत तीन नावं टाकली. दोड्डप्पांचं, शर्ट-पँट कापणाऱ्या मास्तरांचं, आणि सगळ्यात वर आईचं. तिचं पाळण्यातलं नाव, जे घरात कुणीच घेत नाही. तिच्या सासूबाई ‘धाकटी’ म्हणायच्या, बाबा ‘अगं’ म्हणतात.

दोड्डप्पांनी मेन्यू उघडला, बघितला आणि बंद केला. “हे वरचं बेडा, पुट्टी,” ते म्हणाले. बेडा म्हणजे नको. पुट्टी म्हणजे मी, छोटी, अजूनही. “काढून टाक.”

“कापतं कोण, दोड्डप्पा?” मी विचारलं.

ते गळ्यातली टेप काढून गिऱ्हाइकाकडे वळले. मीही काढलं नाही. मग त्यांनी सोपी युक्ती काढली. येईल ते ब्लाउज स्वतःच्या नावावर निवडायला लागले.

आणि प्रोग्रॅमने जे उत्तर द्यायला मी शिकवलं होतं तेच दिलं. आईचं सगळं काम त्यांच्या नावावर साचत गेलं, त्यात त्यांचं स्वतःचं परकर-गणवेशांचं वेगळं, आणि दसरा जवळ आला तशी त्यांची मोकळी तारीख पुढे पुढे सरकत दिवाळीपलीकडे गेली. एका शनिवारी मी दुकानात असताना कृष्णराजनगरची एक जुनी गिऱ्हाईक मुलीच्या लग्नाच्या साड्या घेऊन आली. दोड्डप्पांनी ‘ब्लाउज’ निवडलं, ‘मास्तर’मध्ये स्वतःला निवडलं, आणि पडद्यावर तारीख आली ती लग्न होऊन गेल्यानंतरची. त्यांनी मेन्यू परत उघडून परत स्वतःलाच निवडलं. तेच परत निवडलं तर प्रोग्रॅमला नवीन काही कळत नाही, तो गप्प बसतो. त्यांनी आणखी एकदा निवडलं. ती बाई पडद्याकडे बघत होती, तिच्या मुलीचा चेहरा उतरला होता.

“पुट्टी! केट्टोयतु तुझा प्रोग्रॅम,” ते ओरडले. बिघडला म्हणे.

“बिघडला नाही,” मी म्हटलं. “तुम्ही जे सांगितलंत ते खरं मानून बोलतोय. वरचं नाव निवडा, तारीख मिळेल.”

गिऱ्हाइकासमोर मी असं बोलायला नको होतं असं बाबा नंतर म्हणाले. मला तसं वाटत नाही. गिऱ्हाइकासमोरच बोलायला हवं होतं. दोड्डप्पांनी मला डोळे वटारून गप्प केलं, साड्या ठेवून घेतल्या आणि कागदाच्या चिठ्ठीवर हाताने तारीख लिहून दिली.

संध्याकाळी घरी खाली बैठक बसली. दोड्डप्पा, बाबा, मी. आई जिन्यात, पायरीवर. तिथवर ऐकू येतं आणि समोर आल्यासारखंही होत नाही. त्यासाठीच ती पायरी आहे.

“नोडु, बघ, मी काय म्हणतोय,” दोड्डप्पांनी आवाज मऊ केला. “नाव नको तिथं. लोक बघतात. घरातलं घरात असतंय. तू खाली एक ‘इतर’ घाल की. मी ते निवडतो, तारीख येते, सगळ्यांचं काम होतं. साकु, बास.”

“नाही घालणार.”

“अगं, तीन अक्षरं,” बाबा म्हणाले. बाबा सरकारी नोकरीत रमलेले, त्यांनी सुई कधी धरली नाही आणि भावाशी वाद कधी घातला नाही. “कशाला उगाच वाढवतेस?”

“तीन अक्षरं आहेत तर आईचंही नाव तीनच अक्षरांचं आहे, बाबा. ते निवडायला काय जड जातं?”

दोड्डप्पांचा मऊपणा संपला. त्यांनी सांगितलं की प्रोग्रॅम बाजारात विकत मिळतात, पोरीबाळींची मिनतवारी करायची गरज नाही. आणि कापायला बाहेरचा मास्तर बघता येतो. “सोमवारपासून गठ्ठा वर पाठवत नाही. तुझ्या आईला सांग.”

मी निरोप सांगितला नाही. तिने ऐकलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी मी डगमगले. प्रोग्रॅम गेला असता तर मला काही वाटलं नसतं. पण माझ्या हट्टापायी आईची दुपार जाणार होती. ती खडू, ती चादर, ते कुणी हाक मारायची नाही असे तास. एकदा बाहेर गेलेलं काम परत घरी आलेलं आमच्या गल्लीत कुणी बघितलेलं नाही. जिना चढताना मी ठरवलं होतं, ती एक शब्द जरी म्हणाली तरी जाऊन ‘इतर’ टाकायचं. मनात शिव्या देत का होईना, टाकायचं.

आई ताटं मांडत होती. “इतर म्हणजे कोण गं?” तिने विचारलं.

“ज्याचं नाव तिथे नाही असं कुणीही.”

तिने वाढता वाढता थोडा विचार केला. “नाव आहे की मला,” ती म्हणाली. “नको घालूस.”

मी जेवले कशी ते आठवत नाही. आनंद झाला होता आणि आईसमोर रडायचं नव्हतं.

सोमवारी गठ्ठा आला. पाठवणार नाही म्हणाले होते, पण दसऱ्याच्या तोंडावर म्हैसूरमध्ये मोकळा मास्तर कुठून मिळणार? दोड्डम्माने पिवळी पिशवी ठेवली आणि नेहमीचं म्हणाली, “हेमिंगला आलंय.” मी ऑफिसला निघाले होते, दारातच थांबले. आईने गठ्ठा सोडला. वर तीच कृष्णराजनगरची रेशमं, न कापलेली. तिने हात लावून कापड बघितलं, घडी होती तशी घातली, आणि पिशवी दोड्डम्माच्या हातात परत दिली.

“अक्का, हे अजून कापलेलंच नाही,” ती म्हणाली, अगदी साधेपणाने. “न कापलेल्याला हेमिंग कसं करू? भाऊजींना म्हणावं, मास्तरांकडून कापून घ्या आणि मग पाठवा.”

दोड्डम्मा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, ते तिने पदराने पुसलं आणि पिशवी घेऊन खाली गेली. इतकी वर्षं तो गठ्ठा तीच वाहत होती. तिला काय माहीत नव्हतं?

त्या दिवशी दुकानात काय झालं ते मला शर्ट-पँटच्या मास्तरांनी नंतर सांगितलं. दोड्डप्पांनी रेशीम टेबलावर पसरलं, खडू घेतला, मापाचं ब्लाउज शेजारी ठेवलं, रेघा ओढल्या. भिंतीवरची मोठी कात्री काढली. कापडाशी नेली आणि परत ठेवली. असं बराच वेळ चाललं होतं. मला त्यांची दयाही आली. एके काळी त्यांचा हात खरंच चांगला होता, आईसुद्धा ते कबूल करते. पण दया आली म्हणून मी मेन्यूत काही बदललं नाही.

मंगळवारी संध्याकाळी जिन्याशी पावलं वाजली. दोड्डम्माची नव्हती. दोड्डप्पा स्वतः पिवळी पिशवी घेऊन आले होते. दारापर्यंत आले नाहीत, मधेच आईच्या त्या पायरीपाशी थांबले. मी खाली उतरले. आई माझ्या मागे, दाराच्या चौकटीत.

गठ्ठ्यावर पावती टाचलेली होती, प्रोग्रॅममधून छापलेली. कपडा: ब्लाउज. तारीख: लग्नाच्या बऱ्याच आधीची. मास्तर, आणि पुढे आईचं नाव. मी ते दोनदा वाचलं.

दोड्डप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. “ते काय झालं, पुट्टी,” ते म्हणाले, “चाक फिरलं. आपोआप आलं ते. आता छापलं गेलंय, असू दे.”

मोठं मन करून मी गप्प बसायला हवं होतं, असं घरातले म्हणतात. त्यांनी माघारीला वाट काढली होती, ती बुजवायची कशाला? पण आईचं नाव चाकाने आलं असं मी कसं ऐकून घेऊ? आपोआप? इतकी वर्षं आपोआपच तर चाललं होतं सगळं.

“चाक मी केव्हाच बंद केलंय, दोड्डप्पा,” मी म्हटलं. “त्या मेन्यूत चाकाने काही होत नाही. उघडून, नावावर जाऊन, दाबावं लागतं.”

ते कॅलेंडरवरून नजर काढून माझ्याकडे वळले. मला वाटलं आता पिशवी घेऊन परत जातील. बाबा आतून खाकरले. दोड्डप्पांनी एकदा पावतीकडे बघितलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

“शुक्रवारी न्यायला येणार आहेत,” ते म्हणाले. “तुझ्या आईला सांग.”

मी सवयीने मागे वळले, निरोप सांगायला. आई चौकटीतून बाहेर आली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“शुक्रवारी मिळेल, भाऊजी,” ती म्हणाली. “पण पुढच्या वेळी अस्तर आधी धुऊन पाठवा, नाहीतर मागून आटतं.”

दोड्डप्पा “आयतु” म्हणाले, बरं म्हणाले, आणि खाली गेले.